रंगाखालचा गहू

दिवाळीच्या आधी लालबागच्या चिवडा गल्लीत शिरलं की सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो रंग. पिवळाजर्द चिवडा, लालसर शेव, हिरव्या-गुलाबी नळ्या. घरात कुणाला नुकतंच डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितलं असेल तर सोबतची मावशी किंवा शेजारीण पहिला सल्ला देते तो याच रंगावरून: “ते रंगीत काही घेऊ नकोस हं, रंगात ग्लूटेन असतं.” सल्ला मायेचा असतो आणि त्याने थोडाफार फायदाही होतो. पण कारण चुकलेलं असतं. कारण चुकलं की केशरी रंगाचा पेढा उगाच नाकारला जातो आणि पांढरंशुभ्र दिसणारं, गव्हाच्या पाठोपाठ दळलेलं तांदळाचं पीठ निर्धास्तपणे घरात येतं.

ग्लूटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन. सिलिॲक हा आजार असलेल्या माणसाचं शरीर ते पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. औषध नाही, पथ्य हाच उपचार आणि तोही जन्मभराचा. भारतात ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. हा 20 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

“खायच्या रंगात गहू असतो”

आपल्याकडे परवानगी असलेले कृत्रिम रंग आठ. पिवळ्यात टार्ट्राझीन आणि सनसेट यलो, लालमध्ये पॉन्सो 4 आर, कारमोइझिन आणि एरिथ्रोसीन, निळ्यात इंडिगो कारमाइन आणि ब्रिलियंट ब्लू, हिरव्यात फास्ट ग्रीन. पाकिटावर यांची नावं नसली तरी आकडे असतात: 102, 110, 122, 124, 127, 132, 133, 143. यातला एकही धान्यापासून होत नाही. हे सगळे खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून कारखान्यात घडवलेले रेणू. त्यांत प्रथिनच नाही, मग ग्लूटेन कुठून येणार?

या घराण्याचा मूळपुरुष 1856 साली लंडनमध्ये जन्मला. विल्यम पर्किन नावाच्या कोवळ्या पोराला डांबरातून निघणाऱ्या ॲनिलिनवर प्रयोग करताना जांभळा रंग सापडला. त्याच 1856 साली इकडे ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली, मुंबईतली पहिली. पुढे परळ-लालबागच्या गिरण्यांत जे रंग कापडावर चढले, ते आणि आज जिलबीत पडतात ते एकाच कुळातले, फक्त शुद्धतेच्या अटी वेगळ्या. गिरणगावाला रंगाची भीती वाटली तर ती समजू शकते. पण ती भीती गव्हाची नव्हे.

एक शंका मात्र रास्त आहे. वाण्याकडे मिळणारी रंगाची छोटी बाटली म्हणजे निव्वळ रंग नसतो. त्यात मीठ, साखर, डेक्स्ट्रोज, डेक्स्ट्रिन, स्टार्च असं काहीतरी भरताड म्हणून घालायची नियमांत मुभा आहे. ते स्टार्च गव्हाचं निघालं तर?

गणित मांडून बघू. बहुतेक पदार्थांत रंगाची कमाल मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम. समजा बाटलीतल्या पुडीत खरा रंग फक्त दहा टक्के आहे. म्हणजे एक किलो मिठाईत एक ग्रॅम पूड जाईल आणि तिच्यात 900 मिलिग्रॅम भरताड. ते सगळंच्या सगळं गव्हाचं शुद्ध केलेलं स्टार्च धरा. त्यात प्रथिन उरतं फार तर अर्धा टक्का, म्हणजे किलोभर मिठाईत साडेचार मिलिग्रॅम. वीसच्या पुष्कळ खाली. आता तीच पूड कुणी बनवेगिरी करून मैदा मिसळून विकली असेल, तर मैद्यात आठ टक्के ग्लूटेन धरून आकडा जातो 72 मिलिग्रॅमवर, मर्यादेच्या साडेतीनपट. तेव्हा सीलबंद, परवाना क्रमांक असलेला रंग घरात वापरायला सिलिॲकवाल्याला अडचण नाही. कागदाच्या पुडीतला सुटा रंग घेऊच नये, आणि त्याचं गहू हे एकमेव कारण नाही. त्याकडे वळूच.

“रंगीत खाल्लं आणि पोट बिघडलं, म्हणजे रंगच बाधला”

खरी गोम इथे आहे. रंग कशावर चढवलाय ते कुणी पाहत नाही.

लग्नाच्या पंगतीत पानाच्या डाव्या बाजूला गुलाबी, हिरवी कुरडई असते. कुरडई म्हणजे गव्हाचा चीक. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळायचा, चीक शिजवून सोऱ्यातून पाडायचा, वाळवायचा. वर मी गव्हाच्या शुद्ध स्टार्चबद्दल बोललो ते कारखान्यातलं, पुन्हा पुन्हा धुतलेलं. घरच्या चिकाला ती सवलत नाही, त्यात ग्लूटेन भरपूर राहतं. कुरडई पांढरी असो की गुलाबी, सिलिॲकवाल्यासाठी ती गहूच. शाळेबाहेर पोरं बोटांत घालून खातात त्या पिवळ्या नळ्या, म्हणजे बॉबी, बहुतेकदा मैदा किंवा रव्याच्या असतात. पोराला त्या खाऊन त्रास झाला की आई म्हणते, “पिवळा रंग बाधला.” दुसऱ्या दिवशी ती त्याला पांढऱ्या नळ्या घेऊन देते.

माहीमचा हलवा घ्या. पातळ चौकोनी पत्रे, पांढरे, पिवळे, गुलाबी, मध्ये कागद, वर पिस्त्याचे काप. बाहेरगावच्या पाहुण्याला मुंबईची भेट म्हणून अजूनही हाच दिला जातो. तो परंपरेने गव्हाच्या चिकाचा, आता कुठे रव्याचा, कुठे मैद्याचा. दिसायला काचेसारखा, त्यामुळे त्यात धान्य असेल असं मनातही येत नाही. त्याच्या शेजारी बरणीत थरथरणारा, रबरासारखा कराची हलवा बहुधा कॉर्नफ्लॉवरचा असतो. दोघांचा रंग एकच. एकात गहू, एकात नाही. विचारल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

जिलबी मैद्याची, हे सगळ्यांना ठाऊक. सत्यनारायणाच्या प्रसादाचा केशरी शिरा मात्र भल्याभल्यांना चकवतो, कारण रवा म्हणजे गहूच हे स्वयंपाकघरात हात असलेल्या माणसाच्याही पटकन ध्यानात येत नाही. दलिया आणि शेवयांचंही तेच. प्रसाद नाकारणं जड जातं हे मान्य. अशा वेळी केळं आणि तीर्थ घ्यावं, देव रागावत नाही.

उलट गिरगाव चौपाटीवरचा काला खट्टा गोळा. रंगाने जीभ जांभळी होते, पण त्यात आहे काय? बर्फ, साखरेचा पाक, रंग, आंबट, मीठमसाला. ग्लूटेनच्या दृष्टीने तो गोळा त्या वाळूतल्या पुष्कळ पदार्थांपेक्षा सोवळा. बाजूचा गुलाबी फालुदा मात्र शंकास्पद, त्यातली शेव कॉर्नफ्लॉवरची असते तशी गव्हाच्या स्टार्चचीही असते. इराण्याकडची लालभडक रास्पबेरी सोडा चालेल, तिच्याबरोबरचा ब्रुन मस्का नाही. श्रीखंड, आम्रखंड, दादर-गिरगावच्या उपाहारगृहांतलं पियूष यांचा पिवळा रंग केशराचा असो वा बाटलीतला, मूळ पदार्थ दह्या-ताकाचा, गव्हाचा संबंध नाही. मोतीचूर बेसनाचा, म्हणून कागदावर तोही ठीक. पण ज्या तुपात सकाळी जिलबी सुटली त्याच तुपात दुपारी बुंदी पडली असेल तर कागद काय कामाचा?

ही शेवटची गोष्ट चिवडा गल्लीलाही लागू. पातळ पोह्यांचा चिवडा हा तांदळाचा पदार्थ. त्याच कढईत शंकरपाळी आणि करंज्या तळल्या तर तेलात मैद्याचे कण उतरतात आणि पुढच्या घाण्याला चिकटतात. तेल उकळतं म्हणून ग्लूटेन मरतं, हा समज तर फारच पसरलेला आहे. ग्लूटेन हा जंतू नाही. ते उकळून मरत नाही.

“नैसर्गिक रंग असला की निर्धास्त”

हळद, केशर, बीट, पालक, शेंदरीच्या बिया, यांत ग्लूटेन नाही, हे खरं. पण ‘नैसर्गिक’ या शिक्क्याखालीच एक गोष्ट येते जिच्याकडे खरोखर बघायला हवं: तपकिरी रंग.

कॅरॅमल रंग, पाकिटावर 150 आणि पुढे ए, बी, सी, डी असं काहीतरी, साखर किंवा ग्लुकोज तापवून करतात. ते ग्लुकोज गव्हापासूनही काढता येतं. पण त्यावर इतक्या प्रक्रिया होतात की प्रथिनाचा अंश नगण्य राहतो. युरोपात तर गव्हापासून केलेल्या ग्लुकोज सिरपला ॲलर्जीच्या घोषणेतूनच सूट आहे. कोला प्यायला म्हणून सिलिॲक भडकणार नाही.

जपायचं ते मॉल्टला. मॉल्ट म्हणजे मोड आणून भाजलेलं जव, आणि जवात ग्लूटेन असतं. दुधात घालायच्या तपकिरी पावडरी, बऱ्याच न्याहारीच्या लाह्या, काही चॉकलेटं यांना रंग आणि चव मॉल्टची असते. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र वेगळं, बरं का. ते बहुधा मका किंवा टॅपिओकाचं असतं, नावातल्या मॉल्टला घाबरून ते टाकून द्यायची गरज नाही. आणि चायनीजच्या गाडीवरचा काळा सोया सॉस: पारंपरिक पद्धतीचा सॉस सोयाबीन आणि गहू एकत्र आंबवून होतो. शेजवान चटणीच्या लाल रंगाकडे बोट दाखवणाऱ्यांनी त्या काळ्या बाटलीकडे आधी बघावं.

“पिवळी पूड म्हणजे हळदच ना?”

मराठी स्वयंपाकघरात पिवळ्या पुडी दोन. एक हळद. दुसरी हिंगाची, आणि या लेखातला सगळ्यात दुर्लक्षित गहू तिच्यात आहे.

डबीतला हिंग हा निव्वळ हिंग नसतो. शुद्ध हिंग इतका उग्र आणि चिकट असतो की तो तसाच चिमटीत घेऊन फोडणीत टाकणं अवघड. म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून ‘बंधानी’ हिंग करतात. कायद्यातही या मिश्र हिंगाची व्याख्या आहे आणि तिच्यात खाद्य स्टार्च व धान्याचं पीठ घालायला परवानगी आहे. ते पीठ पुष्कळदा मैद्याचं असतं, काही कंपन्या तांदळाचं वापरतात. डबी उलटी करून घटक वाचले की लगेच कळतं. खडा घेतला म्हणजे सुटलो असंही नाही, बंधानी हिंगाचे खडेही मिळतात.

किती नुकसान होतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर एका फोडणीने आभाळ कोसळत नाही. पाव ग्रॅम हिंग, त्यात निम्मा मैदा, म्हणजे पातेलंभर वरणात साधारण दहा मिलिग्रॅम ग्लूटेन, आणि ते चौघांत वाटलं जातं. दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या आत बहुतेक सिलिॲक रुग्णांना अपाय होत नाही असं मानलं जातं. पण आपण हिंग एकाच पदार्थात कुठे घालतो? वरण, भाजी, कढी, कोशिंबिरीची फोडणी, लोणचं, गोडा मसाला, सुरळीची वडी, कोथिंबीर वडी. इटलीत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रुग्णांना रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं, तेव्हा आतड्याचं अस्तर खराब झालं. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पावाच्या एका कापाचा चाळिसावा-पन्नासावा हिस्सा. “चिमूटभराने काय होतंय” म्हणणाऱ्या आत्याबाईंना हे सांगून बघा. पटेलच असं नाही.

उपाय सोपा आहे, तांदळाच्या पिठाचा हिंग आणायचा. आपल्याकडे हिंग येतो मुख्यतः अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून. 2020 च्या ऑक्टोबरात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात त्याची पहिली रोपं लावली गेली. पण झाड कुठलंही असो, मैदा मिसळतो तो इथेच.

“मग पांढरं, साधं, घरचं खावं”

चाळीच्या तळमजल्यावरची पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. दिवसभर गहू दळला जातो, मध्येच कुणाचे तांदूळ, कुणाची ज्वारी. जात्याच्या दगडांत आणि पत्र्याच्या नळीत अडकलेलं गव्हाचं पीठ पुढच्या डब्यात पहिल्यांदा उतरतं. ज्वारीची भाकरी गव्हापासून मुक्त, पण ती ज्वारी गव्हाच्या पाठीवर दळली असेल तर नाही. मिठाईतल्या रंगापेक्षा हा धोका कैकपटींनी मोठा आहे आणि त्याला रंग नाही. परवडत असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीही घालू नये. नसेल तर सीलबंद पीठ बरं. बाजारची थालीपीठ भाजणीही पांढरपेशी दिसते, पण तिच्यात गहू असतोच. चकलीची भाजणी बहुधा सुटते, मैद्याची चकली सोडून. उकडीचा मोदक तांदळाचा, तळणीचा गव्हाचा.

बाहेर खाताना “यात ग्लूटेन आहे का?” असं विचारून उपयोग होत नाही, वेटर मान डोलावतो आणि आत जाऊन काहीच विचारत नाही. त्याऐवजी “हे उपासाला चालतं का, उपासाची कढई वेगळी आहे का?” असं विचारा. गिरगाव-दादरच्या मराठी उपाहारगृहांना हा प्रश्न नीट समजतो. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा यांत ग्लूटेन नाही आणि आपल्या रीतीनुसार उपासाच्या पदार्थांत हिंगही पडत नाही. जिथे उपासाची कढई खरोखर वेगळी असते तिथला साबुदाणा वडा हा सिलिॲकवाल्याला या भागात मिळणारा बऱ्यापैकी सुरक्षित बाहेरचा घास. संकष्टीला तर पर्यायच पर्याय.

“ग्लूटेन नाही ना, मग रंग कितीही खा”

हा गैरसमज उलट्या टोकाचा आणि अलीकडे वाढलेला. म्हातारीच्या केसांना गुलाबी करणारा रोडामीन बी हा कापडाचा रंग, अन्नात त्याला बंदी. 2024 च्या फेब्रुवारीत तमिळनाडूने आणि मार्चमध्ये कर्नाटकाने यावर कारवाई केली, कर्नाटकाने गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांनाही मनाई केली. स्वस्त लाडवात आणि डाळीत सापडणारा मेटानिल यलो तसाच, बेकायदेशीर. हळदीत रंग उजळायला लेड क्रोमेट मिसळतात, म्हणजे सरळ शिसं. या सगळ्यांत ग्लूटेन शून्य.

परवानगीचे रंगही अगदी धुतल्या तांदळासारखे नाहीत. 2007 साली साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी काही रंगांच्या मिश्रणाचा मुलांच्या चंचलपणाशी संबंध दाखवला, आणि 2010 पासून युरोपात टार्ट्राझीन, सनसेट यलो, कारमोइझिन, पॉन्सो 4 आर अशा सहा रंगांच्या पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते. एरिथ्रोसीनवर अमेरिकेने 2025 च्या जानेवारीत बंदी घातली, आपल्याकडे तो अजून चालतो. हे स्वतंत्र खटले आहेत. ते त्यांच्या त्यांच्या कलमांखाली चालवावेत, गव्हाच्या नव्हे.

“आम्ही कोकणातले, भात खाणारे, आम्हाला हा आजार नाही”

2016 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात उत्तर भारतात सिलिॲक शंभरात एकाच्या आसपास आढळला, दक्षिणेत फारच कमी. पण आजाराला पोषक जनुकं दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणात होती. फरक होता रोजच्या गव्हाचा. परळच्या चाळीत राहणाऱ्या मालवणी घरात आज सकाळ-संध्याकाळ पोळ्या, मधल्या वेळी पाव आणि बिस्किटं असतात. जनुकं कोकणातली असतील, ताट आता कोकणातलं राहिलेलं नाही. संशय असेल तर रक्ताची टीटीजी चाचणी आधी करावी, गहू नंतर सोडावा. आधीच सोडला तर चाचणी खोटं बोलते.

राहता राहिला लालबागचा मसाला. एप्रिल-मेमध्ये बायका बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्या उन्हात वाळवून डंकावर कुटायला नेतात. “तिथे तरी पिठाची भेसळ नाही ना?” असा प्रश्न येतो. डंकावर सहसा गहू येतच नाही, कारण तिखट लागणारं पोळीचं पीठ कुणालाच नको असतं. समोर उभं राहून कुटून घेतलेल्या मसाल्यात रंगही नसतो, बेडगीचा लाल रंग पुरेसा असतो. मसाल्याच्या पुडीत वरून रंग घालायला तशीही परवानगी नाही. मालवणी मसाल्याच्या यादीत मिरच्या, धणे, दगडफूल, नागकेशर, तिरफळ, चक्रीफूल अशी नावं वाचत खाली आलं की तळाशी तोळा-दोन तोळे हिंग लिहिलेला असतो. तो दुकानदाराने पुढे केलेल्या डबीतला न घेता घरून तांदळाच्या पिठाचा न्यायचा.